स्पिरिटचा बोळा, लघवीची पिशवी आणि आहारतज्ज्ञ : विमा नियामकांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद.

विषय : आहारतज्ज्ञाच्या फीबाबत.

महोदय,

एकाच विमा कंपनीची दोन पत्रं माझ्यासमोर आहेत. पहिल्या पत्रात माझ्या मिस्टरांच्या तीन दिवसांच्या ॲडमिशनचे ६४,५५० रुपये मंजूर झालेत, तेही फार खळखळ न करता. त्याबद्दल मी कंपनीची आभारी आहे. दुसऱ्या पत्रात २,१०० रुपये नाकारलेत. ज्या चुकीमुळे ते चौसष्ट हजार गेले, ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून हे एकवीसशे खर्च केले होते. मी सांगलीच्या एका हायस्कूलमध्ये सत्तावीस वर्षं गणित शिकवते आहे. उत्तर बरोबर असून मार्क कापले गेले की मुलं जशी पेपर घेऊन टेबलाशी येतात, तशी मी आपल्याकडे आले आहे, असं समजा.

आधी चूक सांगते, कारण ती माझीच आहे.

मिस्टरांना चौदा वर्षं मधुमेह, त्याच्या जोडीला बीपी. दोन वर्षांपूर्वी क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनीचं काम मंदावल्याची रक्तातली खूण दिसली. किडनीच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि सांगितलं, “मीठ कमी करा, बाहेरचं बंद करा, फळं बेतानं.” डॉक्टर चांगले आहेत, पण बाहेर चाळीस पेशंट ताटकळत असताना सात मिनिटांत याहून जास्त कोण सांगणार? मीठ कमी करायचं म्हणून मी दुकानातून कमी सोडियमचं मीठ आणलं. पाकिटावर हृदयाचं चित्र होतं, किंमत दुप्पट होती, म्हणजे चांगलंच असणार. शिवाय किडनीला पाणी चांगलं असं सगळेच म्हणतात, म्हणून रोज सकाळी एक शहाळं. गव्हाच्या चपात्या बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली, भात तर मधुमेहामुळे कधीच सोडलेला. दोन वेळा पालेभाजी. नणंदेनं कौतुक केलं, वहिनी किती करते दादाचं!

कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड घालतात. पाकिटाच्या मागे ते लिहिलेलं असतं, मी वाचलं नव्हतं. शहाळ्यात पोटॅशियम, पालेभाजीत पोटॅशियम, भातापेक्षा भाकरीत जास्त. मिस्टरांची बीपीची गोळीसुद्धा शरीरात पोटॅशियम अडवून धरणाऱ्या गटातली. धडधाकट माणसाची किडनी हे सगळं निमूट बाहेर टाकते, आजारी किडनीला ते जमत नाही. दोन महिन्यांनी एका सकाळी मिस्टरांच्या पायांत जीवच राहिला नाही. पोटॅशियम ६.७ निघालं. ते साडेतीन ते पाचच्या दरम्यान हवं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी हातात धरून मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “अजून थोडा उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं.” माझ्या कौतुकाच्या स्वयंपाकानं ही वेळ आणली होती.

डिस्चार्ज कार्डावर शेवटची ओळ अशी होती : ‘रीनल डाएट. आहारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.’ रीनल डाएट म्हणजे किडनीच्या रुग्णाचा आहार. खाली डॉक्टरांची सही आणि शिक्का.

त्या आहारतज्ज्ञ मॅडमनी पहिल्या भेटीत आमच्यासाठी पंचावन्न मिनिटं दिली. पहिला प्रश्न विचारला, “महिन्याला मीठ किती आणता?” मी म्हटलं, एक किलोचा पुडा, घरात चार माणसं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. हजार ग्रॅम भागिले चार, भागिले तीस. माणशी दिवसाला आठ ग्रॅमच्या वर, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण धरलेलंच नाही. हवं पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा. सत्तावीस वर्षं मी त्रैराशिक शिकवते आणि हा भागाकार मला कधी सुचला नव्हता. साधं मीठच वापरा, पण मोजून वापरा, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या भेटीला येताना घरातला मिठाचा चमचा आणायला लावला आणि त्यात किती ग्रॅम मावतं ते काट्यावर मोजून दाखवलं.

मग भात आणि भाकरीची गोष्ट निघाली. मधुमेहाचे डॉक्टर सांगतात, भाकरी खा, डाळी खा, भात सोडा. किडनीचा हिशेब नेमका उलटा, पोटॅशियम आणि फॉस्फरसच्या दृष्टीनं पांढरा भात सोपा, भाकरी, शेंगदाणे आणि डाळी जपून. दोघेही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर. पण ताट एकच असतं ना! ते कसं वाढायचं हे दोघांपैकी कोणाच्याच सात मिनिटांत बसत नाही. मॅडमनी बसवलं. किती वाटी भात, त्याच्याबरोबर काय खाल्लं की साखर उसळणार नाही, आठवड्यातून भाकरी किती वेळा, वजन बासष्ट किलो म्हणून दिवसाला प्रथिनं सुमारे पन्नास ग्रॅम, त्यातली डाळीतून किती, दुधातून किती. बटाटा खायचाच असेल तर सोलून बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या, म्हणजे बरंचसं पोटॅशियम पाण्याबरोबर जातं. भाजीचं पाणी फेकायचं हे आईनं शिकवलेल्या प्रत्येक गोष्टीच्या विरुद्ध होतं. शेंगदाण्याचा कूट आमच्याकडे भाजीत मिठाइतकाच ठरलेला, त्याला काय पर्याय, यावर आमची दहा मिनिटं चर्चा झाली. शेवटी दोडक्यात थोडं खोबरं आणि जास्त कोथिंबीर यावर तह झाला. मिस्टर अजून त्या दोडक्याला नावं ठेवतात.

मागच्या आठवड्याचा रिपोर्ट, पोटॅशियम ४.८.

पहिल्या भेटीचे नऊशे आणि पुढच्या दोन भेटींचे सहाशे-सहाशे, अशा एकवीसशेच्या पावत्या मी कंपनीला पाठवल्या. आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे साठ दिवस धरले जातात आणि तिन्ही भेटी त्या साठ दिवसांतल्या होत्या. डॉक्टरांचा लेखी सल्लाही जोडला होता. उत्तर आलं की सल्ला देणारी व्यक्ती ‘मेडिकल प्रॅक्टिशनर’ नाही, सबब देय नाही.

मग मी पॉलिसी वाचायला घेतली. इतकी वर्षं हप्ता भरत होते, वाचली आत्ताच. आमच्या शाळेत पंधरा जणांना विचारलं, एकानंही वाचलेली नव्हती, त्यामुळे मला थोडं बरं वाटलं.

व्याख्यांच्या पानावर ‘मेडिकल प्रॅक्टिशनर’ म्हणजे कोण ते दिलंय : ज्याची वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी आहे तो, किंवा भारतीय चिकित्सा पद्धती अथवा होमिओपॅथीच्या परिषदेकडे नोंदणी असलेला. आहारतज्ज्ञ त्यात नाही. हे मान्य, ती डॉक्टर नाहीच. पण त्याच पानावर ‘वैद्यकीय खर्च’ म्हणजे काय तेही दिलंय : मेडिकल प्रॅक्टिशनरच्या सल्ल्यावरून उपचारासाठी करावा लागलेला आवश्यक खर्च. सल्ला डॉक्टरांनी द्यायचा. खर्च डॉक्टरांच्याच खिशात गेला पाहिजे, असं तिथं कुठेही म्हटलेलं नाही. रक्त तपासणारा लॅबवाला डॉक्टर नसतो, औषध देणारा केमिस्टही नसतो. त्यांची बिलं कंपनीनं त्याच साठ दिवसांत मुकाट्यानं दिली. मग डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून गेलेल्या एकाच जागी अडलं कुठे?

उत्तर पॉलिसीच्या शेवटी जोडलेल्या याद्यांमध्ये असावं. त्या आपल्याच कार्यालयाच्या सूचनांमधून आलेल्या आहेत. पहिल्या यादीत अडुसष्ट वस्तू आहेत, त्यांचे पैसे मिळत नाहीत : टीव्हीचं भाडं, लाँड्री, डायपर, मधुमेहींच्या चपला, शुगर-फ्रीच्या गोळ्या. चौथ्या यादीत अठरा गोष्टी आहेत, त्या ‘उपचाराच्या खर्चातच समाविष्ट’ धरायच्या. हायड्रोजन पेरॉक्साइड, माउथवॉश, घशात चघळायच्या गोळ्या, स्पिरिटचे बोळे, लघवीची पिशवी. आणि यांच्याच रांगेत आहार नियोजन, आहारतज्ज्ञाची फी आणि डाएटचा खर्च. मिस्टर ॲडमिट असताना हॉस्पिटलची आहारतज्ज्ञ पाच मिनिटं येऊन गेली होती. बिलात तिचे सहाशे लावले होते, कंपनीनं या यादीकडे बोट दाखवून ते कापले आणि डिस्चार्जच्या काउंटरवर ते मी भरले. समाविष्ट असलेली गोष्ट वेगळी लावायची नाही हा नियमाचा हेतू मला समजतो, रुग्णाची लूट होऊ नये म्हणूनच तो केला असणार. प्रत्यक्षात हॉस्पिटल लावतं, कंपनी कापते आणि मधला फरक आमच्या पर्समधून जातो.

पण मला खटकलं ते वेगळंच. या यादीनुसार आहाराचा सल्ला हा ‘उपचाराचा’ भाग आहे. तीन दिवस तो उपचार होता. चौथ्या दिवशी आम्ही रिक्षात बसून घरी आलो आणि तो उपचार राहिला नाही. खरं तर त्या तीन दिवसांत हॉस्पिटलचं किचन ताट पाठवत होतं, तिथं माझ्या हातून चूक व्हायची शक्यताच नव्हती. सल्ल्याची गरज चौथ्या दिवशी सुरू झाली.

आता सहाव्या क्रमांकाच्या अपवादाकडे येते. अपवाद म्हणजे ज्या गोष्टीचे पैसे पॉलिसी देत नाही ती. २०१९च्या सप्टेंबरमध्ये आपण सगळ्या कंपन्यांसाठी अपवादांची भाषा एकसारखी केली. ते फार चांगलं काम होतं, त्याआधी जो तो आपल्या मनानं लिहायचा. सहावा अपवाद लठ्ठपणाचा आहे. वजन कमी करायच्या शस्त्रक्रियेचे पैसे कधी मिळतील? डॉक्टरांचा सल्ला हवा, वय अठरा किंवा त्याहून जास्त हवं, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, चाळीस किंवा त्याहून जास्त हवा, किंवा पस्तीस किंवा त्याहून जास्त असून हृदयविकार, झोपेत श्वास अडण्याचा गंभीर त्रास, आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काही हवं आणि वजन कमी करण्याचे कमी चिरफाडीचे उपाय फसलेले हवेत. हे कमी चिरफाडीचे उपाय म्हणजे काय हो? आहार आणि व्यायामच ना! म्हणजे आधी आहारतज्ज्ञाकडे जा, स्वतःच्या पैशानं जा, तिथं अपयशी व्हा आणि मग काही लाखांचं ऑपरेशन आम्ही देतो. आमच्या एका सहकाऱ्याच्या पत्नीकडून कंपनीनं या उपायांचा पुरावा मागितला. त्या वर्षभर आहारतज्ज्ञाकडे जात होत्या, पण पावत्या टाकून दिल्या होत्या. जी पावती कुठेच चालत नाही ती कोण जपून ठेवतं?

आहाराचं महत्त्व मी आपल्याला सांगावं असं नाही. आपल्याच शहरात, हैदराबादच्या तार्नाक्यात राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिनं मे २०२४मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्यानं काढली, एकूण सतरा. त्यात म्हटलंय की देशातल्या एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहाराशी जोडलेला आहे. निम्म्याहून जास्त! त्याच्या वर्षभर आधी आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून आकडा आला होता की देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत आणि साडेतेरा कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर. उंबरठ्यावरच्या माणसाला थांबवता येतं का, हेही आपल्याकडे तपासून झालं आहे. २००६ साली चेन्नईच्या संशोधकांनी भारतीयांवर केलेल्या अभ्यासात आहार आणि चालण्याच्या सल्ल्यानं मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीनं २६.४ टक्क्यांनी. सल्ला गोळीच्या तोडीस तोड ठरला. पण डिस्चार्जनंतरच्या साठ दिवसांत डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळीची पावती चालते, सल्ल्याची चालत नाही.

आपल्याकडे जुन्या वैद्यांच्या पुडीबरोबर पथ्य यायचं. अमुक खा, तमुक टाळा, आंबट चाळीस दिवस बंद. पुडीचे पैसे घेऊन पथ्याचं सांगायचं राहिलं तर लोक त्या वैद्याला वैद्य म्हणत नसत.

कंपन्यांची बाजू मी ऐकून घेतली आहे. आमचे एजंट सज्जन आहेत, माझेच माजी विद्यार्थी. ते म्हणाले, “बाई, ओपीडीचं रायडर घ्या की.” म्हणजे ॲडमिट न होता घेतलेल्या उपचारांसाठी पॉलिसीला जोडायचं जादा संरक्षण. घेतलं असतं, पण त्यातली कन्सल्टेशनसुद्धा मेडिकल प्रॅक्टिशनरचीच, म्हणजे फिरून त्याच व्याख्येवर येणार. मग म्हणाले, “पॉलिसीबरोबर ॲपवर हेल्थ कोच फुकट आहे.” तो अनुभवही मी घेतला आहे, आजारपणाच्या आधीच. एका मुलीचा फोन आला होता. फार गोड बोलली. मधुमेह आहे म्हटल्यावर क्विनोआ सुचवला, बीपी आहे म्हटल्यावर रोज नारळपाणी. क्रिएटिनिन किती हे तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आमच्या शहाळ्याला विम्याचाही आशीर्वाद होता, असं आता म्हणावं लागतं. २०२०च्या आपल्या वेलनेस सूचनांनी कंपन्यांना योगवर्गाचं, जिमचं सभासदत्व देण्याची मुभा दिली, ते ठीकच आहे. पण डंबेल उचलायला विमा मदत करतो आणि किडनीच्या रुग्णाला ताट लावून देणाऱ्या बाईला करत नाही, हे माझ्या वर्गात मला कोणी पटवून देऊ शकणार नाही.

त्यांची एक हरकत मात्र खरी आहे : आहारतज्ज्ञ म्हणायचं कुणाला? आमच्याच गल्लीत ‘महिन्यात दहा किलो’ असा बोर्ड लावून डब्यातली पावडर विकणारे एक गृहस्थ न्यूट्रिशनिस्ट आहेत. त्यांची बिलं कंपनीनं द्यावीत असं मी मुळीच म्हणणार नाही. पण हा प्रश्न संसदेनं सोडवायला घेतला आहे. २०२१मध्ये सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्याच्या परिशिष्टात पोषणविज्ञानाचा वेगळा वर्ग आहे आणि त्यात आहारतज्ज्ञ नाव घेऊन आहेत. त्याच्याही आधीपासून, १९६३ साली स्थापन झालेली इंडियन डायटेटिक असोसिएशन परीक्षा घेऊन ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ ठरवते. आमच्या मॅडमच्या पावतीवर तो नोंदणी क्रमांक छापलेला आहे. नोंदणी क्रमांक नाही तर पैसे नाहीत, एवढी अट घाला. पावडरवाले गृहस्थ आपोआप गळतील.

दुसरी हरकत पैशाची. हप्ता वाढेल म्हणतात. आमचा मूळ हप्ता चौतीस हजार आहे. त्यावर अठरा टक्के जीएसटी म्हणजे ६,१२० रुपये आम्ही भरत होतो, २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा तो गेला. आमच्या मॅडमच्या दरानं वर्षात चार भेटींचे सत्तावीसशे होतात, त्या वाचलेल्या जीएसटीच्या निम्म्याहून कमी. मर्यादा घाला, चारच भेटी द्या, प्रत्येक भेटीला रकमेची सीमा ठेवा, फक्त मधुमेह, किडनी, हृदय, यकृत, कॅन्सर एवढ्यांनाच द्या. मी घासाघीस करायला तयार आहे. सरसकट शून्याशी मात्र घासाघीस करता येत नाही.

पण एजंटसाहेबांनी चहा पिता पिता खरं कारण सांगून टाकलं. आज या कंपनीनं माझ्या मिस्टरांच्या पथ्यावर पैसे घालायचे, त्याचा फायदा पाच-सात वर्षांनी डायलिसिस टळण्यात दिसणार, आणि तोवर आम्ही पॉलिसी पोर्ट करून दुसऱ्या कंपनीकडे गेलेलो. बी एकानं पेरायचं आणि कणसं दुसऱ्यानं खुडायची! त्यामुळे कुठलीच कंपनी स्वतःहून पहिली होणार नाही. हे ऐकल्यावर मी ठरवलं की कंपनीला पत्र लिहिण्यात अर्थ नाही, आपल्यालाच लिहायचं. सगळ्यांनी एकदम पेरायचं असं फक्त आपणच सांगू शकता.

आणि आपण ते याआधी केलेलं आहे. मानसिक आजारांना विमा नसायचा. २०१७चा कायदा आला, २०१८मध्ये आपण कंपन्यांना सांगितलं की शारीरिक आजारांसारखंच त्यांनाही धरा. करोनात टेलिमेडिसिनची सोय करायला लावलीत. एप्रिल २०२४पासून आयुषचे उपचार इतरांच्या बरोबरीला आणलेत. आधीच्या आजारांसाठी थांबायचा काळ चार वर्षांवरून तीनवर आणलात, त्याचा तर आम्हालाच फायदा झाला. दर वेळी कंपन्यांनी परवडत नाही म्हटलंच असेल आणि कंपन्या अजून चालू आहेत.

माझी बहीण न्यूजर्सीत असते. तिच्या सासूबाई तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यात आहेत, त्यांनाही मधुमेह. डॉक्टरांनी लिहून दिलं की पहिल्या वर्षी तीन तास आणि पुढे दर वर्षी दोन तास आहारतज्ज्ञाची भेट मिळते, फी शून्य. २००२पासून ही सोय आहे. तिथंही सगळ्यांना नाही, मधुमेह असेल, किडनीचा आजार असेल किंवा किडनी बदलून तीन वर्षं व्हायची असतील तरच. अमेरिकेच्या आरोग्यव्यवस्थेचं कौतुक करावं अशी पाळी माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. बहिणीच्या तोंडून तिथल्या ॲम्ब्युलन्सच्या बिलाचे किस्से ऐकले की अंगावर काटा येतो. पण एवढ्या बाबतीत त्यांनी आजार, तास आणि चिठ्ठी अशा तीन गोष्टी ठरवून प्रश्न मिटवला, हे खरं.

मी पॉलिसीवाली आहे, एकवीसशे रुपये गेले म्हणून माझ्या घरची चूल विझली नाही, हे मला कळतं. आमच्या शाळेच्या शिपायाला शुगर आहे, त्याच्याकडे सरकारी योजनेचं कार्ड आहे. जनआरोग्य योजना काय किंवा आयुष्मान काय, पाच लाखांपर्यंतचं संरक्षण, पण ॲडमिट झाल्यावर. त्याला नऊशे रुपये देऊन ताट समजून घेणं जमणार नाही. तो ॲडमिट होण्याचीच वाट बघेल. त्या योजना आपल्या हातात नाहीत, पण आपण खासगी विम्यात जे रूढ करता ते पुढे सरकारी योजनांच्या टेबलावर जातं, असा माझा समज आहे. चुकीचा असेल तर सोडून द्या.

माझं मागणं थोडक्यात. ज्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचा काळ धरला जातो, तिथं डॉक्टरांच्या लेखी सल्ल्यावरून नोंदणीकृत आहारतज्ज्ञाकडे घेतलेली भेट हा वैद्यकीय खर्च मानावा, असं एक वाक्य आपल्याकडून निघावं. व्याख्या बदलायचीही गरज नाही, मघाशी सांगितलं तसं ती पुरेशी आहे, फक्त कंपन्यांनी ती नीट वाचायला हवी. ओपीडीचं संरक्षण विकलं जातं तिथं आहारतज्ज्ञ आहे की नाही हे पहिल्याच पानावर ठळक असावं. सहाव्या अपवादात आधीच्या उपायांचा पुरावा मागायचा असेल तर त्या उपायांचा खर्चही धरावा. आणि चौथ्या यादीतून आहारतज्ज्ञाला बाहेर काढा हो. बिलात त्यानं किती फरक पडेल मला माहीत नाही, पण एका शिकलेल्या बाईच्या तासाभराच्या कामाची जागा लघवीच्या पिशवीच्या रांगेत नाही.

आणखी एक, हे माझ्यासारख्या पॉलिसीधारकांनाही सांगते. जानेवारी २०२४पासून पॉलिसीबरोबर सोप्या भाषेतलं माहितीपत्रक द्यावं लागतं आणि मागितलं तर ते स्थानिक भाषेत मिळतं. मी मराठीत मागितलं. कशाचे पैसे मिळत नाहीत ते त्यात होतं, पण ‘आहार’ हा शब्द शोधून सापडला नाही. डिस्चार्ज घेताना आहारतज्ज्ञाचा सल्ला कार्डावर लिहून घ्या, निदानाच्या नावासकट. पावतीवर नोंदणी क्रमांक मागा. क्लेम नाकारला तर कारण कुठल्या कलमाखाली, हे लेखी मागा. कंपनीचं उत्तर पटलं नाही किंवा महिनाभरात आलं नाही तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जाता येतं, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. सांगलीवाल्यांसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. माझा अर्ज लिहून तयार आहे. एकवीसशेसाठी पुण्याला कशाला, असं मिस्टर म्हणाले. मी त्यांना दोडका वाढला.

मॅडमची पुढची भेट येत्या शनिवारी आहे, फी सहाशे. पावती मी याच फाइलमध्ये लावून ठेवणार आहे.

आपली,
एक पॉलिसीधारक,
सांगली.